न थांबणारी आज्ञा

गतवर्षीं दहावीच्या परीक्षेचे अर्ज भरावयाच्या दिवसांत आमच्या शाळेच्या सूचनाफलकावर विद्यार्थ्यांची एक यादी लागली होती. नांवें तपासून पाहावीं व चूक असल्यास वर्गशिक्षकांस कळवावें, असें तिच्याखालीं लिहिलें होतें. मधल्या सुटींत एक मुलगी शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं येऊन उभी राहिली. कांहीं वेळ ती बोलेचना. मग तिनें विचारलें, "सर, माझें आडनांव शाळेनें काढून टाकलें का?"

ती यादी मीं तयार केली होती. मुलगी लहानपणापासून आईजवळ वाढलेली. शाळेच्या दप्तरीं तिचें आडनांव व तिचें नांव एवढींच दोन पदें आहेत, वडिलांचें नांव नाहीं. फलकावरील यादींत तिच्या ओळींत केवळ तिचें नांव उरलें होतें, आणि तिचें आडनांव खालच्या ओळींतील एका मुलाच्या आडनांवास जाऊन चिकटलें होतें. वर्गांतील मुलांनीं त्यावर जो विनोद करावयाचा तो करून घेतला होता. मीं तिला "यंत्राची चूक झाली, दुरुस्त करतों," असें सांगून परत पाठविलें. यादी त्याच दिवशीं दुरुस्त झाली आणि पुढें कोठेंहि चुकीची गेली नाहीं. परंतु मीं दिलेलें उत्तर खरें नव्हतें. यंत्राची चूक झालीच नव्हती. मीं सांगितलें तेंच त्यानें अक्षरशः केलें होतें.

ज्या साधनानें मीं ती यादी केली त्यास विम म्हणतात. संगणकाच्या टर्मिनलांत, म्हणजे केवळ अक्षरांच्या काळ्या पडद्यावर, चालणारा हा मजकूर-संपादक आहे. त्यांत चित्रें नाहींत, रंगीत बटणें नाहींत, आणि उंदीर हातीं न घेतां सर्व काम होतें. कळफलकावरील प्रत्येक कळ ही एक आज्ञा असते. लिहावयाचें असेल तर आधीं लेखनाच्या स्थितींत जावें लागतें आणि लिहून झालें कीं एस्केपची कळ दाबून पुनः आज्ञेच्या स्थितींत यावें लागतें. नवख्या मनुष्यास हा प्रकार विक्षिप्त वाटतो. पहिल्याच दिवशीं "सर, ह्यांतून बाहेर कसें पडावयाचें?" असा प्रश्न न विचारणारा विद्यार्थी मला अजून भेटावयाचा आहे. ह्या पद्धतीचा मूळ पुरुष जो व्हीआय, तो बिल जॉय यांनीं १९७६ च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंत लिहिला. त्यांच्यासमोर जें टर्मिनल होतें त्याच्या एच, जे, के, एल ह्या चार कळांवरच बाण छापलेले होते. म्हणून आजहि विममध्यें खालीं जाण्यास 'जे' दाबतात. टर्मिनल गेलें, बाण गेले, संवय मात्र राहिली.

आतां मॅक्रो म्हणजे काय तें सांगतों. तेंच तें काम शंभर ओळींवर करावयाचें असेल तर तें एका ओळीवर करून दाखवावें, यंत्रानें दाबलेल्या कळा लक्षांत ठेवाव्या, आणि मग "हेंच पुढें कर" असें त्यास सांगावें. 'क्यू' दाबून एका अक्षराचें नांव दिलें कीं त्या अक्षराच्या रजिस्टरांत कळा नोंदल्या जाऊं लागतात. पुनः 'क्यू' दाबला कीं नोंद संपते. अॅटचें चिन्ह व तेंच अक्षर दाबलें म्हणजे नोंदलेल्या सर्व कळा पुनः दाबल्या जातात, आणि आधीं आंकडा दिला तर तितके वेळां. ह्या कल्पनेचा मान इतका मोठा आहे कीं १९७६ सालींच मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयांत जन्मलेल्या ईमॅक्स ह्या दुसऱ्या प्रसिद्ध संपादकाच्या नांवांतलें 'मॅक' हें मॅक्रोचेंच 'मॅक' आहे.

माझ्यापाशीं यादी होती ती आडनांव, नांव, वडिलांचें नांव ह्या क्रमानें. मला हवी होती ती नांव, वडिलांचें नांव, आडनांव अशी. मीं पहिल्या ओळीवर असें केलें: शून्य दाबून ओळीच्या आरंभीं गेलों, डी व डब्ल्यू दाबून पहिला शब्द पुसला, डब्ल्यूनें एक शब्द पुढें सरकलों, ईनें त्या शब्दाच्या शेवटीं गेलों, एक मोकळी जागा टाकली, पुसलेला शब्द पीनें तेथें चिकटविला, आणि जेनें खालच्या ओळीवर उतरलों. काम नीट झालें. दुसऱ्या ओळीवर चालवून पाहिलें, नीट झालें. मग शंभरावर आंकडा दिला. क्षणार्धांत पडदा सळसळला, यादी संपली, यंत्र थांबलें, आणि मीं समाधानानें चहा घेतला.

त्या मुलीच्या ओळीवर काय घडलें तें पाहा. आडनांव पुसलें गेलें. ओळींत एकच शब्द उरला. पुढची आज्ञा होती, एक शब्द पुढें सरक. ओळींत पुढें शब्दच नव्हता. एखाद्या कारकुनानें येथें मान वर करून "साहेब, येथें तर कांहीं नाहीं," असें म्हटलें असतें. विमच्या व्याकरणांत मात्र ओळ संपली तरी शब्द संपत नाहींत. पुढचा शब्द खालच्या ओळींत आहे, म्हणून कर्सर खालीं उतरला. तेथें त्या मुलाचें आडनांव होतें. त्याच्या शेवटीं त्यानें मुलीचें आडनांव चिकटविलें. मग तो आणखी एक ओळ खालीं उतरला आणि पुढच्या मुलावर बिनचूक काम करूं लागला. म्हणजे एका ओळींतलें आडनांव गेलें, दुसरी ओळ अर्धवट राहिली, आणि बाकी सर्व यादी निर्दोष दिसली. यादी सर्वच बिघडली असती तर मला तत्काळ कळलें असतें.

माझें मत येथें स्पष्ट सांगतों. आज्ञा दोन प्रकारच्या असतात. एक, परिस्थिति अपेक्षेप्रमाणें नसली कीं थांबणारी. दुसरी, कशीहि परिस्थिति असली तरी कांहीं तरी करून पुढें जाणारी. आपण मुलांना संगणक शिकवितांना दुसऱ्या प्रकारच्या आज्ञांचें कौतुक करतों, कारण त्यांनीं काम अडत नाहीं. वास्तविक पहिल्या प्रकारच्या आज्ञा रचावयास शिकविणें हाच खरा पाठ होय, आणि तो पाठ बिघडलेला मॅक्रो दुरुस्त करण्याइतका दुसऱ्या कशानेंहि चांगला शिकवितां येत नाहीं, असें मला वाटतें.

ही गोष्ट सोलापुरांतील मुलांस समजावून सांगण्यास परदेशीं जावयास नको. ज्यांच्या चादरीमुळें आपलें गांव देशभर ओळखलें जातें व जिला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणीहि मिळालेली आहे, त्या चादरीवरील फुलें, मोर, वेलबुट्टी हीं ज्या जकार्डवर उमटतात त्याची युक्ति लियाँ शहरच्या जोझेफ मारी जकार्ड यानें १८०४ सालीं सिद्ध केली. पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकें पाडून ते एकामागून एक दोऱ्यांनीं गुंफतात. जेथें भोंक असेल तेथील सूत उचललें जातें. जेथें नसेल तेथील खालीं राहतें. पत्त्यांची माळ पुरी फिरली कीं नक्षी पुनः पहिल्यापासून. मॅक्रो म्हणजे दुसरें काय आहे? आमच्या वर्गांत पूर्व भागांतील यंत्रमागवाल्यांचीं मुलें आहेत. मीं त्यांस विचारलें, पत्त्यावर एक भोंक चुकीचें पडलें तर काय होतें? एकजण हंसून म्हणाला, "सर, मग ती चूक प्रत्येक चादरीवर येते, अगदीं त्याच जागीं." "मग वडील काय करतात?" "माग थांबवितात, आणि माळ हातानें एक एक पत्ता फिरवून बघतात." विमच्या ग्रंथांत मॅक्रो सुधारण्याचा जो विधि दिला आहे तो ह्याहून निराळा नाहीं.

तो विधि असा. मॅक्रो बिघडला कीं प्रथम 'यू' दाबून झालेले बदल मागें घ्यावे आणि तोच मॅक्रो पुनः चालवून पाहण्याचा मोह आवरावा. मग नोंदींत खरोखर काय आहे तें वाचावें. कोलन देऊन 'रेग' व अक्षर लिहिलें कीं त्या रजिस्टरांतील कळा जशाच्या तशा पडद्यावर दिसतात. शंभरांपैकीं पन्नास वेळां दोष येथेंच सांपडतो, कारण आपण जें नोंदलें असें आपणांस वाटतें तें नोंदलेलें नसतेंच. मधें चुकून दाबलेली व मागाहून सुधारलेली कळहि यंत्रानें इमानानें लिहून ठेविलेली असते. त्यानंतर त्या कळा एकेक करून हातानें दाबाव्या, आणि प्रत्येक कळेनंतर कर्सर कोठें उभा आहे तें पाहावें. तेंहि शहाण्या ओळीवर करून उपयोग नाहीं. ज्या ओळीवर बिघाड झाला तीच घ्यावी. मीं माझा मॅक्रो दोन ओळींवर तपासला होता खरा, परंतु दोन्ही ओळी तीन शब्दांच्या होत्या. अशा तपासणीस तपासणी म्हणणें म्हणजे स्वतःची समजूत घालणें होय.

रजिस्टर हा शब्द शाळेंतील माणसांस परिचयाचा आहे, पण येथें त्यांत एक खोंच आहे. ज्या 'ए' नांवाच्या रजिस्टरांत मॅक्रो असतो त्याच रजिस्टरांत नकललेला मजकूरहि ठेवतां येतो. सकाळीं मॅक्रो नोंदला, दुपारीं त्याच अक्षराखालीं एखादें वाक्य उचलून ठेविलें, आणि संध्याकाळीं मॅक्रो चालविला, तर यंत्र त्या वाक्याचीं अक्षरें आज्ञा समजून दाबीत सुटतें. तो गोंधळ पाहण्यासारखा असतो. उलट ह्याच सोयीमुळें दुरुस्तीहि सोपी होते: रजिस्टर कागदावर चिकटवावें, तेथें साध्या मजकुरासारखें सुधारावें, आणि पुनः उचलून त्याच अक्षरांत ठेवावें. उचलतांना ओळ संपल्याची खूण बरोबर येणार नाहीं एवढें पाहावें. ती आली तर प्रत्येक फेरीस कर्सर एक ओळ अधिक उतरतो आणि ओळीआड ओळ कोरी राहते. शेवटीं एखादी कळ राहून गेली असेल तर सगळें पुनः नोंदावयास नको. 'क्यू' नंतर मोठ्या लिपीचें अक्षर दिलें कीं जुन्या नोंदीस नवी जोडली जाते.

माझा मॅक्रो आम्ही वर्गांतच मोडून पुनः बांधला. प्रथम यादींत प्रत्येक आडनांवापुढें स्वल्पविराम घातला. मग शब्द मोजण्याऐवजीं "स्वल्पविरामापर्यंतचें पूस" अशी आज्ञा दिली. ह्या आज्ञेचा गुण असा कीं ओळींत स्वल्पविराम नसेल तर ती फसते, आणि एक आज्ञा फसली कीं विम सबंध मॅक्रो तेथेंच थांबवितो. कर्सर दोषी ओळीवरच उभा राहतो. पुढें सरकण्यासाठीं शब्दाऐवजीं ओळीचा शेवट धरला, कारण ओळीचा शेवट धरणारी आज्ञा ओळ ओलांडीत नाहीं. दोन शब्दांच्या ओळीवर, चार शब्दांच्या ओळीवर, सर्वत्र तो नीट चालला. सर्व ओळींवर एकदम मॅक्रो चालविण्याची दुसरीहि एक रीत विममध्यें आहे. तींत एका ओळीवर फसला तर ती ओळ सोडून पुढच्या ओळीवर काम चालू राहतें. ती रीत झटपट आहे. मनुष्यांच्या नांवांवर ती वापरूं नये, असा मीं वर्गापुरता नियम केला आहे.

शोधून बदलण्याच्या आज्ञेचीहि हीच गोष्ट. "हा शब्द जेथें असेल तेथें तो शब्द घाल" असें म्हणतांना शेवटीं 'जी' घातला नाहीं तर प्रत्येक ओळींतील पहिलाच शब्द बदलतो. घातला तर सगळे बदलतात, आणि न बदलावयाचेहि बदलतात. 'राम' चें 'श्याम' करावयास जावें तर 'रामचंद्र' चा 'श्यामचंद्र' होतो. त्यासाठीं आणखी एक 'सी' जोडावा, म्हणजे यंत्र प्रत्येक ठिकाणीं थांबून परवानगी विचारतें. वेळ लागतो. लागूं द्यावा.

मराठी मजकुरापुढें आणखी अडचणी उभ्या राहतात, आणि त्या कोणत्याहि इंग्रजी मार्गदर्शिकेच्या आरंभीं लिहिलेल्या नसतात. कळफलक मराठीवर ठेवून आज्ञा दाबल्या तर विमला 'जे' ऐवजीं देवनागरी अक्षर मिळतें व तो नुसता खटकतो. असा मॅक्रो नोंदला तर सबंध नोंदच निरर्थक होते. 'क्ष' आपणांस एक अक्षर; विमला तीं दोन, क चा पाय मोडलेला व पुढें ष. म्हणून अक्षरें मोजून पुढें सरकणारा मॅक्रो मराठींत हमखास घसरतो. सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे कऱ्हाडे, वऱ्हाडे ह्यांसारखीं नांवें. त्यांतील अर्धा र युनिकोडमध्यें दोन तऱ्हांनीं लिहितां येतो: एक नुक्ता असलेल्या र चा पाय मोडून, दुसरी साध्या र च्या मोडलेल्या पायापुढें एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही एकसारखीं दिसतात. यंत्राला तीं दोन निराळीं नांवें. एका तऱ्हेनें लिहिलेलें नांव शोधलें तर दुसऱ्या तऱ्हेचें सांपडत नाहीं. "नांव यादींत दिसतें आहे, मग शोधल्यावर नाहीं कां म्हणतें?" असें विचारून एका सहकाऱ्यांनीं माझा अर्धा तास घेतला होता. शिवाय पुष्कळ टर्मिनलांत जोडाक्षरें फाटकीं दिसतात व कर्सर भलत्याच ठिकाणीं उभा असल्याचा भास होतो. तेव्हां मराठी निबंध विममध्यें लिहा, असें मी कोणासहि सांगणार नाहीं. मी स्वतःहि हा लेख त्यांत लिहिलेला नाहीं.

ह्यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा कीं हीं पन्नास वर्षांपूर्वींचीं हत्यारें आतां कोण वापरतो? तर जगांतील मोठमोठे संगणक दुरून चालवावयाचे असतात तेव्हां हातीं पुष्कळदां टर्मिनलच असतें, आणि त्यांत व्हीआयच्या कुळांतला एखादा संपादक बहुधा हजर असतो. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: आतां कृत्रिम बुद्धिमत्तेस साध्या मराठींत सांगितलें कीं ती यादीचा क्रम पालटून देते, मग हा खटाटोप कशाला? मीं तेंहि करून पाहिलें आहे. काम होतें, व सुंदर होतें. परंतु तें मुलीचें नांव जर अशा रीतीनें बिघडलें असतें तर कोणती कळ चुकली हें मला दाखवितां आलें नसतें, कारण कळाच नसत्या. मॅक्रोची चूक उघडून वाचतां येते. ज्यांस हीं नवीं साधनें पुढें आयुष्यभर वापरावयाचीं आहेत त्यांनीं एकदां तरी अशी चूक उघडून वाचलेली असावी, एवढेंच माझें मागणें आहे. त्यासाठीं आठवड्याचा एक तास पुरे.

विम ज्यांनीं लिहिला ते ब्राम मूलेनार हे डच गृहस्थ ३ ऑगस्ट २०२३ रोजीं वारले. १९९१ सालीं त्यांनीं विम प्रथम प्रसिद्ध केला आणि त्याचें मोल घेतलें नाहीं. ज्यांस तो आवडेल त्यांनीं युगांडांतील किबाले येथील मुलांसाठीं कांहीं द्यावें, एवढी विनंती केली. एड्समुळें पोरक्या झालेल्या मुलांचें तें ठिकाण त्यांनीं स्वतः १९९४ सालीं तेथें राहून पाहिलें होतें. कित्येक वर्षें विम उघडला कीं प्रथम त्या मुलांना साहाय्य करण्याविषयींची ओळ पडद्यावर येई. आमच्या मुलांनीं मॅक्रोच्या आधीं तिचाच अर्थ विचारला होता.

आतां एक नवी अडचण येऊं घातली आहे, व ती मला आनंदाची वाटते. महाराष्ट्र शासनाच्या २०२४ च्या निर्णयाप्रमाणें १ मे २०२४ रोजीं व त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नांवांत बालकाचें नांव, आईचें नांव, वडिलांचें नांव व आडनांव असा क्रम ठेवावयाचा आहे. हीं मुलें २०३० च्या सुमारास पहिलींत येतील. शब्द मोजून चालणारे जितके मॅक्रो, सूत्रें व तक्ते शाळाशाळांतून आज वापरांत आहेत ते सर्व त्या वर्षीं चुकतील, आणि बहुतेक न थांबतां चुकतील.

यंदाची यादी नववीच्या चार विद्यार्थ्यांनीं केली. मी मागें बसून पाहत होतों. मॅक्रो एकेचाळिसाव्या ओळीवर थांबला. एक मुलगा उठून म्हणाला, "सर, बंद पडलें." शेजारच्या मुलीनें त्याला खालीं बसविलें, ओळ वाचली, आणि ती दप्तरांतील मूळ नोंद पाहावयास कार्यालयांत गेली.